समाधान मिळाले की मानून घेतले?

आपण सुखी आहोत की नाही, हे माणसाने आपल्या मनाशीच विचारावे, अशी आपल्या वाडवडिलांची रीत होती. आता हा प्रश्न छापील कागदावरून विचारला जातो आणि त्याचे उत्तर शब्दांऐवजी आकड्यांत मागितले जाते. दवाखान्यातील परिचारिका, वृद्धांच्या मोआदोनमध्ये येणारी समाजसेविका, विद्यापीठातून अभ्यासासाठी आलेला विद्यार्थी, या सर्वांच्या हाती आज असे कागद दिसतात. या प्रथेची टवाळी करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ‘आपले कसे चालले आहे?’ असे कोणी विचारावे, हेही थोडके नव्हे. आमचे म्हणणे एवढेच, की आपल्या समाजातील वडीलधाऱ्या मंडळींच्या कानी हा प्रश्न पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ पालटलेला असतो, आणि पालटलेल्या प्रश्नाचे उत्तर मूळ प्रश्नाचे उत्तर म्हणून नोंदले जाते. ही चूक दुरुस्त करणे आपल्या हाती आहे. मात्र त्यासाठी फारसा अवधी उरलेला नाही.

प्रथम या प्रश्नावल्यांची थोडी ओळख करून देणे इष्ट होईल. हॅडली कॅन्ट्रिल या अमेरिकन अभ्यासकाने १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एका शिडीची कल्पना मांडली. शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीवर आपल्याला शक्य असलेले उत्तमोत्तम आयुष्य आहे आणि तळाशी वाईटातले वाईट. तर आज आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत, असा तो प्रश्न. शून्यापासून दहापर्यंतचा एक आकडा सांगितला की काम झाले. कॅन्ट्रिलच्या पाहणीत जे देश होते, त्यांत भारत व इस्राएल हे दोन्ही होते, ही गोष्ट आपल्या वाचकांना कौतुकाची वाटेल. हीच शिडी आजही वापरात असून, २०१२ पासून निघणाऱ्या जागतिक आनंद अहवालात देशांचे क्रम तिच्यावरूनच लावले जातात. २०२५ च्या अहवालात फिनलंड पहिला, इस्राएल आठवा आणि भारत ११८ वा होता.

दुसरी प्रसिद्ध प्रश्नावली एड डीनर व त्यांचे सहकारी यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. तीत केवळ पाच विधाने आहेत. आयुष्य आपल्या आदर्शाच्या जवळ आहे काय, परिस्थिती उत्तम आहे काय, आयुष्याबद्दल समाधान आहे काय, हव्या त्या महत्त्वाच्या गोष्टी आजवर मिळाल्या काय, आणि आयुष्य पुन्हा जगावयास मिळाले तर त्यात आपण फारसा बदल करणार नाही हे खरे काय, असा त्यांचा आशय आहे. प्रत्येक विधान आपल्याला कितपत मान्य आहे, हे एक ते सात अशा आकड्यांनी सांगावयाचे. पाचही आकड्यांची बेरीज कमीत कमी ५ व जास्तीत जास्त ३५ येते. कागद लहान, वेळ थोडा आणि वापरण्यास मोकळीक. त्यामुळे तो जगभर गेला. जागतिक आरोग्य संघटनेचीही पाच प्रश्नांची अशीच एक प्रश्नावली आहे. तीत गेल्या दोन आठवड्यांत मन कसे होते, एवढेच विचारतात.

आता आम्ही शिक्षकी पेशातील माणसे; परीक्षा घेणे हा आमचा रोजचा धंदा. अध्यापनशास्त्राच्या वर्गात आम्हांला दोन शब्द पाठ करावे लागले होते: विश्वसनीयता आणि सप्रमाणता. तीच कसोटी पुन्हा लावली असता तोच निकाल यावा, ही विश्वसनीयता. आणि जे मोजावयाचे तेच मोजले जावे, ही सप्रमाणता. गणिताच्या पेपरात लांबलचक शाब्दिक उदाहरण घातले आणि नुकत्याच परदेशातून आलेल्या मुलाला ते सुटले नाही, तर त्याला गणित येत नाही असे म्हणता येईल काय? कदाचित त्याला भाषा आली नसेल. गुण मात्र गणिताच्या रकान्यात पडतात. वर्षानुवर्षे तोच पेपर दिला तर तोच मुलगा दर वर्षी नापास होईल. म्हणजे निकाल विश्वसनीय खरा. परंतु सप्रमाण नव्हे. आमच्या मते आपल्या वृद्धांच्या बाबतीत नेमके हेच घडत आहे. फरक इतकाच, की ते नापास होत नाहीत. ते भरपूर गुण मिळवून पास होतात, आणि म्हणूनच त्यांच्याकडे कोणी पुन्हा पाहत नाही.

या देशाचे मध्यवर्ती सांख्यिकी कार्यालय २००२ पासून दरवर्षी सामाजिक पाहणी करीत आले आहे. तीत आयुष्याबद्दलच्या समाधानाचा प्रश्न असतो आणि ती हिब्रू, अरबी व रशियन या भाषांतून घेतली जाते. तीत मराठी नाही याबद्दल आमची तक्रार नाही. आपला समाज लहान; एवढ्या थोड्या लोकांसाठी सरकारने निराळा कागद छापावा, असे म्हणणे व्यवहाराला धरून होणार नाही. परंतु मराठी कागद नसल्यामुळे प्रत्यक्षात काय होते, ते पाहिले पाहिजे. समाजसेविका हिब्रू कागद घेऊन घरी येते. आजीबाईंना भाजी घेण्यापुरती, बस पकडण्यापुरती, डॉक्टरला दुखणे सांगण्यापुरती हिब्रू येते. मनातले सांगण्याची हिब्रू वेगळी असते. मग घरातील नातू किंवा सून दुभाष्या होते. नातवाची मराठी ही जेवणाखाणाची मराठी. तो कागद पाहतो आणि विचारतो, ‘आजी, तू खूश आहेस ना?’ आजी म्हणते, ‘हो रे बाबा, देवाची दया आहे.’ नातू म्हणतो, ‘मेरुत्सा मेओद.’ समाजसेविका सर्वांत मोठ्या आकड्याला गोल करते.

या एवढ्याशा देवघेवीत किती ठिकाणी अर्थ सांडला, ते मोजू या.

पहिली गोष्ट हिब्रू शब्दाची. सुख या अर्थाचा ‘ओशेर’ हा शब्द आलेफने लिहितात. श्रीमंती या अर्थाचा शब्दही ‘ओशेर’च, तो आयिनने लिहितात. कागदावर दोन्ही स्पष्ट वेगळे दिसतात, पण आजच्या इस्राएली उच्चारात कानाला एकच ऐकू येतात. लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाला संदर्भाने फरक कळतो. जिने ही भाषा बाजारात ऐकून उचलली, तिने ‘तुमच्यापाशी ओशेर आहे का?’ या प्रश्नाला ‘पेन्शन पुरते’ असे उत्तर दिले, तर तिला हसू नये.

दुसरी गोष्ट मराठी शब्दांची. आपल्या भाषेत या अर्थाचे शब्द थोडे नाहीत, आणि अडचण त्यातच आहे. ‘खूश’ म्हणजे घटकाभराची प्रसन्नता. मुलाने साडी आणली की आई खूश. ‘आनंदी’ हा स्वभाव तरी असतो किंवा सणासमारंभाचा प्रसंग तरी. ‘सुखी’ म्हटले की पाठोपाठ संसार येतो. सुखी बाई म्हणजे जिचा नवरा, मुले, घरदार ठीक आहे ती. एखाद्या विधवेला ‘तुम्ही सुखी आहात का?’ असे विचारले, तर तिला तो तिच्या मनाविषयीचा प्रश्न वाटतच नाही. आपल्या फुटक्या नशिबाची कोणी आठवण करून दिली, असे तिला वाटते. राहिला ‘समाधानी’. विद्वान भाषांतरकार बहुधा याच शब्दावर येऊन थांबेल, आणि त्याची निवड वरकरणी बिनचूक दिसेल.

परंतु समाधान हा आपल्याकडे सद्गुण आहे. आहे त्यात समाधानी असावे, हे आपल्याला लहानपणापासून शिकविले गेले. ‘मी समाधानी नाही’ असे म्हणणारा माणूस आपले दुःख सांगत नसून आपला हावरेपणा कबूल करीत आहे, असे ऐकणाऱ्याला वाटते. शिवाय मराठीत समाधान दोन प्रकारचे असते. एक समाधान मिळते. दुसरे मानून घ्यावे लागते. मुलगा शिकून मार्गी लागला, नातवंडे भेटीला येतात, हे मिळालेले समाधान. मुलगा वर्षातून दोनदा येतो, पण येतो तरी, हे मानून घेतलेले समाधान. ‘समाधानी आहात का?’ या प्रश्नाला दोन्ही स्त्रिया ‘हो’ म्हणतील, आणि दोघीही खरेच बोलत असतील. पहिलीला कोणाच्या मदतीची गरज नाही. दुसरीचा दिवस कसा सरतो, हे मात्र कोणीतरी जाऊन पाहावयास हवे. आकड्यात दोघी सारख्याच.

भाषांतर तपासण्याची एक पद्धत रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० च्या सुमारास रूढ केली. मूळ मजकूर एकाने दुसऱ्या भाषेत न्यावा. मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्याने तो परत मूळ भाषेत आणावा. आणि दोन्ही ताडून पाहावे. ही उलट भाषांतराची पद्धत उपयुक्त आहे यात शंका नाही. पण ‘समाधानी’ हा शब्द इंग्रजीत परत नेला, तर जो शब्द निघाला होता तोच हुबेहूब परत येईल. तपासणारा संतुष्ट होईल आणि मिळणे व मानणे यांतील अंतर कोणाच्याही लक्षात येणार नाही. शब्दाचा प्रतिशब्द बरोबर असूनही प्रश्न चुकीचा असू शकतो, हे आम्ही सांगत आहो ते याच अर्थाने.

तिसरी गोष्ट विधानांची. ‘आदर्श’ या शब्दाने मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे आदर्श विद्यार्थी, आदर्श माता उभी राहते. ‘माझे आयुष्य आदर्शाच्या जवळ आहे’ असे कोणती शहाणी बाई स्वतःच्या तोंडाने म्हणेल? ती फुशारकी होईल. त्याहून अवघड आहे ते पाचवे विधान. इतर बहुतेक विधाने आजविषयी बोलतात. हे मात्र मागे पाहावयास लावते, आणि म्हणून ते इतर चारांपेक्षा थोडे निराळे वागते, असे अभ्यासकांनाही आढळले आहे. आयुष्य पुन्हा मिळाले तर काय बदलाल? साठ-सत्तर वर्षांपूर्वी कोकणातून वा मुंबईहून निघून दिमोना, बीरशेबा, लोद, अश्दोद येथे येऊन स्थायिक झालेल्या माणसाला हा प्रश्न एकाच तऱ्हेने ऐकू येतो: ‘अलिया करून आलात, हे बरे केले की चुकले?’ ज्यांनी वाळवंटातल्या नव्या वसाहतीत दिवस काढले, ज्यांना १९६२ ते १९६४ या काळात आपल्या ज्यूपणाबद्दल शंका घेतलेली ऐकावी लागली व त्याविरुद्ध उभे राहावे लागले, त्यांच्यासाठी हा प्रश्न साधा नाही. परक्या बाईपुढे, आणि याच भूमीत जन्मलेल्या नातवाच्या तोंडून आलेल्या या प्रश्नाला ते निष्ठेचे उत्तर देतात: ‘काही बदलणार नाही.’ ते उत्तर आदरणीय आहे. पण त्यावरून त्यांना रात्री झोप लागते की नाही, हे समजत नाही.

चौथी गोष्ट उत्तर देण्याच्या रीतीची. ‘पूर्णपणे सहमत, सहमत, किंचित सहमत’ अशा सात पायऱ्या आपल्या वृद्धांच्या बोलण्यात नसतात. ते म्हणतात पटते किंवा पटत नाही. फार तर ‘तसे आहे म्हणा’. म्हणूनच वृद्धांमधील खिन्नता ओळखण्यासाठी १९८० च्या दशकात अमेरिकेत जी प्रसिद्ध प्रश्नावली तयार झाली, तीत उत्तरे केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ अशीच ठेवली गेली. मराठीत मात्र ‘हो’ सुद्धा बेताने ऐकावे लागते. ‘एकटं वाटत नाही ना?’ असे विचारले, तर ‘हो’ म्हणजे ‘बरोबर, वाटत नाही’ असा अर्थ होतो. हिब्रूत विचार करणारा नातू ते ‘हो, वाटते’ असे सांगू शकेल. आणि मुळात ‘ना’ लावून प्रश्न विचारला, की हवे ते उत्तर आपण त्याच्या तोंडात घातलेच. शिवाय नजरेची भीती आहे. आपले सगळे उत्तम आहे असे मोठ्याने म्हणू नये, हे कोकणातही शिकविले गेले आणि येथेही प्रत्येक चांगल्या गोष्टीमागे ‘ब्ली आयिन हारा’ म्हणणारे शेजारी आहेत. सातापैकी सात म्हणणे म्हणजे दृष्ट ओढवून घेणे. म्हणजे एक भीती आकडा खाली खेचते, तर कृतज्ञतेची शिकवण तो वर ढकलते. शेवटी जो आकडा उरतो, तो कशाचा म्हणावा?

पाचवी गोष्ट सर्वांत नाजूक, आणि ती भाषेपेक्षा भाषांतर करणाऱ्याची आहे. ‘घरात तुमची विचारपूस होते का?’ हा प्रश्न मुलाच्या किंवा सुनेच्या तोंडून विचारता येत नाही. ज्याच्याबद्दल तक्रार असू शकते, त्यालाच दुभाष्या बसविल्यावर तक्रार येणार कोठून? मुलगा वाईट असतो असे नव्हे. आईच त्याला दुखवू इच्छीत नाही. आजारपणाच्या व मनाच्या गोष्टींत घरच्या माणसास दुभाष्या करू नये, असे जाणकार पुष्कळ काळ सांगत आले आहेत. आपल्या घरांत अजूनही तेच सर्वांत सोयीचे मानले जाते.

या पाचही गोष्टी एकत्र केल्या, म्हणजे यात काय पणाला लागले आहे ते ध्यानी येईल. दोन खोल्यांच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, गुडघ्यांनी जिना उतरवत नाही म्हणून शब्बाथलाही प्रार्थनामंदिरात न जाऊ शकणारी बाई ३५ पैकी ३० गुण मिळविते. तिचा कागद ‘ठीक’ म्हणून मिटला जातो. भेटीस येणारी स्वयंसेविका, मोआदोनची गाडी, बोलण्यासाठी येणारे माणूस, हे सर्व कमी गुण मिळविणाऱ्यांकडे जाते, आणि ते योग्यच आहे. आपले वृद्ध मात्र आपल्या सभ्यतेमुळे व भाषेमुळे या यादीत वर येत नाहीत. बाहेरचे म्हणतात, बेने इस्राएल किती समाधानी लोक! आपणही ही स्तुती अभिमानाने मिरवितो. आमच्या मते ती थोडी तपासून घेण्याची वेळ आली आहे.

भाषांतर म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी शिकवावयास नको. १८४६ मध्ये मुंबईत हागादा मराठी अर्थासह छापली गेली. १८७४ मध्ये पुण्यास तिची सचित्र आवृत्ती निघाली. जोसेफ यहेज्केल राजपूरकर हे शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि त्यांनी आपल्या हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. या मंडळींसमोर जो वाचक होता, त्याला हिब्रू अक्षरे म्हणता येत असली तरी अर्थ लागत नव्हता. कोकणातल्या माणसाला सेदेरच्या रात्री आपण काय म्हणतो हे कळावे, ही त्यांची कळकळ होती. त्या कामात त्यांनी शब्दांइतकाच ऐकणाऱ्याचाही विचार केला. देवाशी बोलण्याची भाषा ज्यांनी इतक्या काळजीने घडविली, त्यांच्या नातवंडांना आपल्याच आजीची विचारपूस करण्याची भाषा घडविता येऊ नये काय?

काम कसे करावे, याची रीत आज चांगली ठरलेली आहे. दोन्ही भाषा येणाऱ्या दोघांनी एकमेकांचे न पाहता भाषांतर करावे. मग दोन्ही समोर ठेवून मतभेदांवर चर्चा व्हावी. तिसऱ्याने उलट भाषांतर करावे. तज्ज्ञांची बैठक व्हावी. येथवर सर्व विद्वानांचे काम. त्यानंतरची पायरी आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. सात-आठ वृद्ध स्त्री-पुरुषांना बसवून एकेक प्रश्न वाचावा आणि उत्तर न मागता विचारावे, ‘मावशी, यात मी काय विचारलं असं तुम्हांला वाटलं?’ मुलांना धडा समजला की नाही हे पाहण्यासाठी शिक्षक जे रोज करतो, तेच हे. ज्या शब्दावर त्या अडखळतील, तो शब्द कितीही शुद्ध असला तरी काढून टाकावा. ‘सहमत’ जावे, ‘पटते’ यावे. ‘आदर्श’ जावे, ‘मनासारखे’ यावे. समाधानाच्या एका प्रश्नाच्या जागी आपल्यापुरते दोन प्रश्न करून पाहावे: मनासारखे काय काय मिळाले, आणि काय चालवून घ्यावे लागते? ‘चालवून घेणे’ हा शब्द आमच्या आजीबाईंना लाज न वाटता वापरता येतो, असा आमचा अनुभव आहे. मूळ प्रश्नावलीत नसलेला प्रश्न अर्थातच तिच्या बेरजेत धरू नये. तो वेगळा नोंदवावा.

हे काम मुंबई-पुण्याकडे आधीच झाले असेल, तिकडची मराठी प्रश्नावली आणून वापरावी, असे काहीजण सुचवितील. तिकडे काही वैद्यकीय प्रश्नावल्यांची मराठी रूपे वापरात आहेतच, आणि त्यांचा आधार अवश्य घ्यावा. परंतु ती आजच्या महाराष्ट्रात राहणाऱ्या वाचकासाठी आहेत. आपल्या वृद्धांची मराठी त्यांनी देश सोडला तेव्हाची आहे, तीत कोकणचे बोल आहेत आणि गेल्या साठ वर्षांची हिब्रू मिसळलेली आहे. त्यांना ‘पेन्सिया’ समजेल, ‘निवृत्तिवेतन’ ऐकून ते थांबतील. दुसरा आक्षेप असा, की इतकी वर्षे येथे राहिल्यावर हिब्रू येत नाही हे कसे? येते, पण उतारवयात, विशेषतः विस्मरणाचा आजार जडल्यास, मागाहून शिकलेली भाषा अनेकदा आधी मागे पडते व बालपणीची पुढे येते. ज्या वयात हे प्रश्न सर्वाधिक विचारावे लागतात, त्याच वयात हिब्रूचा आधार सुटू लागतो. तिसरा आक्षेप मुळावरच आहे: सुख मोजता येते काय? शिडीच्या प्रश्नावर ब्रिटनमध्ये केलेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. शिडी म्हटल्याबरोबर लोकांच्या मनात अधिकार व पैसा यांचे विचार अधिक येतात, असे त्यात दिसले. म्हणजे ज्यांची भाषा तीच आहे, त्यांच्यातही चित्र बदलले की उत्तर बदलते. म्हणून सुखाचे वजन शेरा-छटाकांत मिळेल, असा आमचा दावा नाही. ताप मोजणारी नळी रोग बरा करीत नाही. पण कोणाकडे आधी धावावे, हे ती सांगते.

आणखी एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दोन भाषांतील आकडे एकमेकांशी ताडण्याजोगे आहेत असे शास्त्रशुद्ध सिद्ध करण्यास शेकडो माणसांची उत्तरे लागतात. मराठीत विचार करणारे आपले वृद्ध दरवर्षी कमी होत आहेत. तेव्हा आपली प्रश्नावली फिनलंडशी बरोबरी करण्यासाठी नसावी, आणि दिमोना श्रेष्ठ की अश्दोद, हे ठरविण्यासाठीही नसावी. तिचा उपयोग एकाच माणसाचे यंदाचे उत्तर त्याच्याच गेल्या वर्षीच्या उत्तराशी ताडण्यासाठी करावा. गेल्या हनुक्काला जी ‘पटते’ म्हणाली होती, ती या वर्षी ‘तसे आहे म्हणा’ म्हणू लागली, तर तेवढ्यावरून तिच्या दाराशी जाण्यास हरकत नाही.

आपल्या समाजात निवृत्त शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, समाजसेवेचे शिक्षण घेतलेल्या मुली आहेत. विद्यापीठांतून मानसशास्त्र शिकणारी आपली मुलेही आहेत. त्यांना प्रबंधासाठी याहून चांगला विषय मिळणार नाही. आमची सूचना अशी, की गावोगावच्या मंडळांनी व प्रार्थनामंदिरांच्या समित्यांनी दोन-दोन माणसे द्यावीत, एखाद्या जाणकार प्राध्यापकाचे मार्गदर्शन घ्यावे आणि येत्या वर्षभरात एक लहानशी मराठी प्रश्नावली पक्की करावी. ती मोठ्या अक्षरांत छापावी, हिब्रू मजकूर समोरच्या पानावर असावा, आणि ती वाचून दाखविण्यास घरचा नव्हे, तर शेजारच्या गावचा मराठी बोलणारा माणूस पाठवावा. तोवर जे कोणी घरी दुभाष्याचे काम करतात त्यांना आमची एवढीच विनंती, की आजीने ‘देवाची दया आहे’ म्हटले तर ते शब्द जसेच्या तसे सांगावेत. त्याचा आकडा स्वतः करू नये. आणि समाजसेविका निघून गेल्यावर थोडा वेळ आजीजवळ बसून, ‘काय चालवून घ्यावं लागतं गं?’ असे एकदा विचारून पाहावे.